एसडीएस मागितली की टीसी येते

मोनेल ४०० या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचं काम पहिल्यांदाच घेणाऱ्या छोट्या शॉपवाल्यांना आधीच सांगते. मटेरियलचे पैसे पाठवायच्या आधी स्टॉकिस्टकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे एसडीएस, हातात घ्या. पैसे गेले की समोरचा फोन उचलेनासा होतो.

आमचं भोसरीत मशिन शॉप आहे. मशिन नवरा आणि दीर बघतात, कागद माझ्याकडे. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीकडून स्टेम आणि सीट रिंगची ऑर्डर येणार होती. मटेरियल मोनेल ४००, कारण व्हॉल्व्ह समुद्राच्या पाण्यावर चालणार. त्यासाठी त्यांच्या सेफ्टी विभागाला व्हेंडरची फाईल हवी होती: एसडीएस, रिस्क असेसमेंट, कामगारांची मेडिकल तपासणी, ट्रेनिंगची नोंद, धूर ओढणाऱ्या पंख्याचा फोटो. बाकीचं सगळं बिनबोभाट झालं. एसडीएस मात्र जी अडली ती अडलीच.

आमचा स्टॉकिस्ट मुंबईत, गिरगाव-खेतवाडीच्या बाजूला. माणूस गोड बोलणारा. मी एसडीएस मागितली, त्याने टीसी, म्हणजे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट, पाठवली. मी पुन्हा समजावून सांगितलं, त्याने तीच टीसी शिक्का मारून पाठवली. टीसीत काय असतं? निकेल किमान ६३ टक्के, तांबं २८ ते ३४, लोखंड जास्तीत जास्त २.५, मँगनीज २, शिवाय टेन्साइल, म्हणजे ताण सोसायची ताकद, आणि हीट नंबर, म्हणजे कुठल्या ओतीचा माल आहे तो क्रमांक. बार चांगला आहे एवढं त्यातून कळतं. तो बार घासला की उडणारी धूळ छातीत गेल्यावर काय होतं, यावर टीसीत चकार शब्द नसतो. हे फोनवर सांगितलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, मटेरियल ओके आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मग एकदाची एसडीएस नावाची फाईल आली. उघडली तर एसएस ३१६ ची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची. त्यानंतर आली निकेल सल्फेटची! हिरवे खडे, पाण्यात विरघळणारे, गिळले तर विषारी वगैरे. आमचा बार पाण्यात विरघळणारा असता तर समुद्राच्या व्हॉल्व्हला कोणी लावला असता का? नावात "निकेल" दिसलं, पाठवून दिली, एवढाच विचार. मला राग येतो तो याचा की ही चूक निरुपद्रवी नाही. चुकीची शीट फाईलमध्ये बसली असती तर आमच्या पोरांना भलत्याच वस्तूची काळजी शिकवली गेली असती.

शेवटी लेटरहेडवर एक ओळ आली: "सदर माल ही धातूची वस्तू असल्याने एसडीएस लागू नाही." हे मात्र अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडायला वेळ गेला. बार नुसता रॅकवर पडून असेल तर त्याच्यापासून धोका जवळपास नाही, हे मान्य. पण आम्ही तो रॅकवर ठेवायला घेत नाही. कापतो, घासतो, बफिंग करतो, क्वचित टिगने वेल्डिंगही करतो. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरने ती ओळ परत पाठवली आणि म्हणाले, "मला बारची नको, तुमच्या ग्राइंडरसमोरच्या हवेची शीट द्या." त्या दिवशी ते मला खडूस वाटले. पण बोलले ते बरोबरच.

कारण धातूचं निकेल आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, १९९० साली २बी गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेलं. निकेलची संयुगं पहिल्या गटात, म्हणजे तिथे शंकाच नाही. वेल्डिंगचा धूरही २०१७ च्या आढाव्यात पहिल्या गटात गेला. धुळीच्या मर्यादा वाचल्या तेव्हा मला दोनदा आकडा तपासावा लागला. अमेरिकेत ओशाची, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याची, कायदेशीर मर्यादा निकेल धातूसाठी आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि त्याच देशातली नायॉश ही कामगार आरोग्याची संशोधन संस्था ०.०१५ च्या आत राहा म्हणते. तांब्याच्या धुराला ओशाची मर्यादा ०.१. हे सगळं शीटच्या आठव्या विभागात यायला हवं. शीटला १६ विभाग असतात. दुसरा, आठवा आणि अकरावा नीट वाचा, बाकीचे चाळले तरी चालतात. दुसऱ्यात त्वचेची ॲलर्जी, कर्करोगाचा संशय आणि श्वासातून दीर्घकाळ गेल्यास फुफ्फुसाला इजा, हे तिन्ही इशारे दिसले नाहीत तर ती शीट कोणीतरी घाईत उरकलेली आहे असं समजा.

आमचं कोडं सुटलं ते त्याच टीसीमुळे, जिला मी इतके दिवस शिव्या घालत होते. टीसीवर स्टॉकिस्टचं नाही, बार ओतणाऱ्या मिलचं नाव असतं. त्या मिलच्या साइटवर निकेल मिश्रधातूंची शीट कोणालाही उतरवून घेता येत होती. धूळ, धूर, मर्यादा, मास्क, सगळं होतं त्यात. मी खुर्चीतच टाळ्या वाजवल्या.

पण कंपनीला त्यावर पुरवठादाराचा शिक्का हवा. स्टॉकिस्ट म्हणे, शिक्का मारला तर जबाबदारी माझ्यावर येईल. आणखी एक भानगड: पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, "मोनेल ४००", शीटवर "अलॉय ४००". मोनेल हा स्पेशल मेटल्स कंपनीचा ट्रेडमार्क असल्याने बाकीच्या मिल ते नाव वापरत नाहीत. कंपनीच्या पोर्टलने मात्र नाव जुळत नाही म्हणून फाईल परत केली. यावर तोड अशी निघाली की शीटवर शिक्का नको, वेगळं पत्र घ्या. त्यात मिश्रधातूचा यूएनएस क्रमांक एन०४४०० (हा कुठल्याही मिलच्या मालाला तोच असतो), हीट नंबर, मिलचं नाव, आणि "या हीटच्या मालाला सोबतची मिलची शीट लागू आहे" एवढं एक वाक्य. मजकूर मीच टाइप करून पाठवला, त्याने फक्त सही केली. लोकांकडून कागद हवा असेल तर कागद आपणच लिहून द्यावा, हे मी आता सगळीकडे करते.

आता आठवेल तसं सांगते.

कंपनीच्या चेकलिस्टमध्ये "हातमोजे सक्तीचे" असं छापलेलं होतं. त्यावर डोळे झाकून टिक करू नका. फिरत्या चकसमोर हातमोजा अडकला की हातच आत ओढला जातो. आम्ही लिहून दिलं: लेथ चालू असताना हातमोजे नाहीत, बार उचलताना, चिप काढताना (तीही हुकने, मशिन बंद करून) आणि ओला जॉब पुसताना हातमोजे. त्यांनी ते मान्य केलं.

एअर गन मारून जॉब साफ करायची सवय मोडायला सगळ्यात जास्त भांडण झालं. हवा मारली की बारीक धूळ थेट नाकासमोर. त्याऐवजी बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं. दिरांना अजून ते आवडत नाही.

मेडिकलमध्ये एका हेल्परच्या मनगटाला आणि बेल्टच्या बकलखाली चट्टे निघाले. घामात निकेल सुटतं आणि कातडीत जातं. चष्म्याच्या फ्रेमलाही मोनेल वापरतात, त्यामुळे कानामागे खाज असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ॲलर्जी शोधायच्या पॅच टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवस ठेवतात, काढल्यावर बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी परत बघतात. सोमवारी लावून घ्या. गुरुवारी लावली तर रविवार आडवा येतो. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असं काम नाही. त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, म्हणून त्याला एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, जॉबवर टाकलं.

आमचे वेल्डर काका धुरावर गूळ खातात, दूध पितात. खाऊ देत, पण त्याने धूर उतरत नाही. तांब्याच्या धुराने काही तासांनी हुडहुडी, ताप, तोंडात धातूची चव असं होऊ शकतं आणि एक-दोन दिवसांत ते उतरतं. लोक फ्लू समजून क्रोसिन घेतात, कारण कोणी विचारतच नाही. आता पंख्याचं तोंड आर्कजवळ असल्याशिवाय वेल्डिंग सुरू होत नाही.

गंधकवालं कटिंग ऑईल या मटेरियलला चांगलं चालतं, पण वेल्डिंगआधी ते पूर्ण धुऊन काढा, नाहीतर तापल्यावर धातू ठिसूळ होतो. आणि धुताना ट्रायक्लोरोइथिलीनसारखं क्लोरीनवालं सॉल्व्हंट वापरून लगेच आर्क पेटवू नका. त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

चिप वेगळ्या ड्रममध्ये, तेल निथळवून, झाकण लावून ठेवा. निकेलमुळे तिला भाव असतो. भंगारवाला चुंबक लावून "हे तर लोखंड" म्हणेल, कारण मोनेल ४०० थंडीत थोडंसं चुंबकाला लागतं आणि तापलं की सोडतं. त्याला टीसीची झेरॉक्स दाखवा, ती तुमच्याकडे गठ्ठ्याने असेलच.