आधी रात्री ठरवल्या, मग गाड्या

बँकेत काम करणाऱ्या माणसाला मार्चमध्ये रजा मिळत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातही साहेबांपुढे अर्ज ठेवायचा धीर होत नाही. त्यामुळे माझ्या प्रवासाचा पहिला निर्णय मार्च एंडिंगनेच घेतला. ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठी वाखाऊ नावाचं खोरं आहे. तिथली जर्दाळूची झाडं मार्चअखेरीला, फार तर एप्रिलच्या सुरुवातीला फुलतात. ते बघायचं फार मनात होतं, पण ताळेबंद आणि जर्दाळू एकाच वेळी येतात म्हटल्यावर जर्दाळू सोडले आणि एप्रिलचा उत्तरार्ध धरला.

जायचं कशासाठी, हे मात्र पक्कं होतं. सेमरिंगची रेल्वे. व्हिएन्नाच्या नैर्ऋत्येला ग्लॉगनिट्झ ते म्युर्झत्सुश्लाग असा ४१ किलोमीटरचा घाटरस्ता आहे, कार्ल फॉन गेगा या इंजिनिअरने १८४८ ते १८५४ या काळात बांधलेला. काम सुरू झालं तेव्हा हा चढ चढू शकेल असं इंजिनच अस्तित्वात नव्हतं. तसं इंजिन मिळावं म्हणून १८५१ मध्ये स्पर्धा घ्यावी लागली. साताऱ्याहून मुंबईला जाताना मी लहानपणापासून खंडाळ्याच्या घाटात खिडकी सोडलेली नाही. आपला बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला, म्हणजे सेमरिंगनंतर नऊ वर्षांनी. हे वाचलं त्या दिवसापासून तो घाट बघायचाच होता. शिवाय त्याच्या खालून २७ किलोमीटरच्या बोगद्याचं काम चालू आहे आणि तो २०३० मध्ये सुरू करायचं नियोजन आहे. मग जलद गाड्या डोंगराच्या पोटातून जातील. त्याआधी जायचं होतं.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ग्रूप टूरनं जा की. सगळं आयतं असतंय. एकटी कुठं हिंडणार तू?" त्याची काळजी खरी होती, पण त्या टूर बसने फिरतात आणि मला आगगाडीत बसायचं होतं. आईने एवढंच विचारलं, "रात्रीची कुठे उतरणार नाहीस ना?" या प्रश्नाने माझं अर्धं नियोजन केलं. नवीन गावात उजेडीच पोचायचं, हा नियम तिथेच ठरला. एप्रिलच्या शेवटी व्हिएन्नात सूर्य आठच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे संध्याकाळी पाचला उतरलं तरी हातात भरपूर उजेड राहतो. एकट्या बाईने वसंतात जावं, याचं मला पटलेलं कारण फुलांच्या आधी हे आहे.

व्हिएन्नाहून प्राग, प्रागहून ब्रातिस्लाव्हा, तिथून बुडापेस्ट आणि परत व्हिएन्ना, असा ऑस्ट्रिया, चेक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या चार देशांचा फेरा आखला. व्हिएन्ना ते प्राग चार तास, प्राग ते ब्रातिस्लाव्हा साधारण तेवढेच, पुढे बुडापेस्टला अडीच तासांच्या आत, आणि परतीला पावणेतीन तासांच्या आसपास. स्लोव्हेनियातलं लुब्लियाना यादीत होतं, ते काढलं. तिथे जाणाऱ्या थेट गाड्या मोजक्या आहेत. एक चुकली की पूर्ण दिवस जातो आणि पुढची बुकिंगं कोसळतात. एकटं असताना असा धोका घ्यायला मी तयार नव्हते.

गाड्यांच्या वेळा बघायच्या आधी मी रात्री वाटल्या, आणि नियोजन करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. हे चारही देश शेंगेनमध्ये आहेत, म्हणजे व्हिसा एकच, पण तो मागायचा कोणाकडे हे रात्रींवर ठरतं. ज्या देशात मुक्काम सगळ्यात जास्त, त्याच्याकडे अर्ज. दोन देशांत सारख्या रात्री पडल्या तर ज्या देशातून आधी आत शिरता, तो देश. मी सुरुवातीला आणि शेवटी व्हिएन्ना ठेवलं, सेमरिंगचा दिवस तिथूनच करायचा ठरवला. ऑस्ट्रियाचं पारडं कोणालाही दिसेल इतकं जड केलं. एक रात्र इकडची तिकडे हलवायची झाली तर आधी हे गणित तपासायचं, मगच हॉटेल.

तारखांचंही तसंच. ईस्टर दर वर्षी सरकतो: २०२५ मध्ये २० एप्रिलला होता, २०२६ मध्ये ५ एप्रिलला. ईस्टरच्या सोमवारी या चारही देशांत सुट्टी असते. त्या आठवड्यात गाड्या भरलेल्या आणि खोल्या महाग. मी ईस्टर पूर्ण उलटू दिला. १ मेला तिकडेही सगळीकडे सुट्टी, व्हिएन्नात दुकानं बंद, म्हणून तो दिवस परतीच्या विमानाला दिला. आपल्याकडे महाराष्ट्र दिन असल्याने माझी एक रजाही वाचली.

आता खरा पेच. गाडीची स्वस्त तिकिटं लवकर काढली तर मिळतात, पण ती ठरावीक गाडीचीच असतात आणि बहुतेक वेळा पैसे परत मिळत नाहीत. व्हिसा मात्र हातात येईपर्यंत भरवसा नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मग तिकीट आधी की व्हिसा आधी?

मी व्हिसाआधी गाडीचं एकही तिकीट काढलं नाही. फुकट रद्द करता येतील अशा खोल्या घेतल्या आणि एक तक्ता केला: तारीख, गाव, हॉटेलचा पत्ता, पुढची गाडी, तिचा क्रमांक, सुटायची आणि पोचायची वेळ. गाड्या जर्मन रेल्वेच्या ॲपवर शोधल्या. त्यात जवळजवळ सगळ्या युरोपाचं वेळापत्रक एका ठिकाणी दिसतं, तिकीट विकत नसले तरी. तक्ता एका पानात बसवला. व्हिसाच्या फाइलमध्ये इतकं वाचनीय दुसरं पान नव्हतं, आणि पुढे प्रवासभर तेच पान माझ्या पर्समध्ये राहिलं.

युरेल या रेल्वे पासचाही हिशेब केला. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल, आणि इंटररेल तिथल्या रहिवाशांसाठी. ३३ देशांत चालणारा पास ज्याला रोज गाव बदलायचं आहे, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली असं लांब जायचं आहे, त्याला परवडतो. माझे लांबचे प्रवास मोजकेच होते आणि या भागातली तिकिटं तुलनेने स्वस्त. सुटी तिकिटं स्वस्त पडली. शिवाय या मार्गांवर सीटचं आरक्षण सक्तीचं नाही. मी मात्र प्रत्येक गाडीला ते वेगळे पैसे भरून केलं, खिडकीची जागा मागून. बॅग एकीकडे आणि आपण दुसरीकडे असं उभ्याने जायची एकटीला गरज नाही.

फाइलबद्दल थोडं सविस्तर, कारण दमछाक तिथेच होते. नोकरीचा ना हरकत दाखला आणि मंजूर रजेचं पत्र, पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, ३० हजार युरोचं संरक्षण देणारा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवास विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. फी ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. यातल्या प्रत्येक कागदावर माझं नाव वेगळ्या थाटात होतं. आपल्या तीन पदरी नावांचा हा नेहमीचा त्रास: पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव मिळून पहिलं नाव, पगाराच्या पावतीवर आडनाव आधी, विम्यावर मधलं नाव नुसतं अक्षर. विमा मी पासपोर्टबरहुकूम दुरुस्त करून घेतला, ऑफिसच्या पत्रात पासपोर्ट क्रमांक घालायला लावला. अर्जासोबतच्या पत्रात एकटी का जातेय हे सरळ लिहिलं: सेमरिंगची रेल्वे बघायची आहे, परतल्यावर नोकरीवर हजर व्हायचं आहे, ही माझी रजा, हे माझे पैसे. अलंकार काही नाही.

महालक्ष्मीने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरले, बोटांचे ठसे आणि फाइल देऊन संध्याकाळी परतीची गाडी धरली. ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात, त्यामुळे पुढच्या वेळी सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. काउंटरवरच्या मुलीने तक्त्यावर बोट फिरवत रात्री मोजल्या. ऑस्ट्रियाच्या ओळींवर तिचं बोट थांबलं, तिने मान हलवली आणि पुढचा कागद मागितला.

पासपोर्ट घरी आला त्याच संध्याकाळी तिकिटं काढली. व्हिएन्ना–प्राग आणि बुडापेस्ट–व्हिएन्ना ऑस्ट्रियन रेल्वेच्या ॲपवर, प्राग–ब्रातिस्लाव्हा चेक रेल्वेकडे. ब्रातिस्लाव्हा–बुडापेस्ट आणि सेमरिंग मुद्दाम मोकळी ठेवली. सेमरिंगला पाऊस असला तर जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून व्हिएन्नाच्या शेवटच्या मुक्कामात एक दिवस कोरा ठेवला.

शाखेतल्या शिपाईकाकांनी विचारलं होतं, "मॅडम, तिकडं टीसीला इंग्रजी येतं का?" येतं. पण स्टेशनांवर नावं तिथलीच असतात. प्राग हे प्राहा असतं, व्हिएन्ना हे वीन. तक्त्यात मी दोन्ही नावं लिहिली. बुडापेस्टबाबत याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टेशनं वेगळी. माझी ब्रातिस्लाव्हाहून येणारी गाडी न्युगाती स्टेशनात, आणि व्हिएन्नाला जाणारी केलेती स्टेशनातून. दोन्हींच्या मध्ये मेट्रो बदलून जावं लागतं. खोली केलेतीच्या बाजूने घेतली, म्हणजे सकाळी निघायचं त्या दिवशी धावपळ नको.

पैशांचं सोपं आहे. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो, चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. फॉरेक्स कार्डवर युरो भरले, दुसरं एक कार्ड वेगळ्या खिशात. मशीनने "रुपयांत की स्थानिक चलनात" असं विचारलं तर नेहमी स्थानिक चलन. रुपयांत घेतलं की दर त्यांचा लागतो, आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो.

बॅग भरली आणि ती घेऊन आमच्या इमारतीचे तीन जिने चढून पाहिले. जुन्या डब्यांना उंच पायऱ्या असतात आणि हमाल नाहीत. दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून परत येऊन दोन साड्या, एक जोडी चपला आणि जाड स्वेटर काढला. एप्रिलअखेरीला दिवसा पंधरा-अठरा अंश, पहाटे पाच-सहा. पातळ कपडे एकावर एक घालणं पुरतं. आईने तुपातले लाडू आणि पेढे काढून ठेवले होते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तिला समजावून शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि मेतकूट घेतलं. घरच्यांशी बोली केली: गाडीत बसले की एक मेसेज, खोलीत पोचले की एक. बाकी वेळ फोन करायचा नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे आपल्याशी फरक साडेतीन तासांचाच राहतो. माझी संध्याकाळची गाडी पोचायच्या वेळी आई झोपायची, म्हणून दुसरा मेसेज दादाला.

प्रवासाचं सगळं इथे लिहीत नाही. प्रागमध्ये पेत्रशिन टेकडीवर फळझाडं बहरलेली होती, जर्दाळू चुकल्याची भरपाई झाली. ब्रातिस्लाव्हाहून बुडापेस्टला जाताना गाडी डॅन्यूबच्या काठाने जाते आणि श्तुरोवोला पलीकडच्या तीरावर एस्तेरगोमच्या बॅसिलिकाचा घुमट दिसतो. त्यासाठी उजवीकडे बघत राहा, मिनिटभरात जातो. बुडापेस्टहून परतताना हेग्येशहालोमला पोलीस चढले. शेंगेनच्या आत असूनही ऑस्ट्रिया हंगेरीच्या सीमेवर तपासणी करतं. पासपोर्ट पर्समध्येच होता.

सेमरिंगसाठी ठरलेल्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. तो दिवस व्हिएन्नाच्या संग्रहालयाला दिला आणि कोरा ठेवलेला दुसरा दिवस घाटाला. लख्ख ऊन पडलं होतं. सेमरिंग स्टेशनवर उतरून रुळांच्या कडेने खुणा केलेली पायवाट धरली. ऑस्ट्रियात युरो येण्याआधी शिलिंग होते, आणि वीस शिलिंगच्या एका नोटेवर पुढे गेगाचं चित्र आणि मागे हाच घाट होता. जिथून ते दृश्य दिसतं त्या जागेला आजही वीस शिलिंगचं दृश्य म्हणतात. नोटा मोजण्यात आयुष्य चाललेल्या मला, एका इंजिनिअरला नोटेवर बसवणाऱ्या देशाचं फार कौतुक वाटलं. खाली काल्टे रिनेचा दगडी पूल, कमानींवर कमानी, आणि त्यावरून वळत जाणारी लाल गाडी. मी पुढची गाडी येईपर्यंत थांबले, मग तिच्यानंतरचीही बघितली. उतरून ब्राइटेनश्टाइनला स्थानिक गाडी पकडली. त्या गाडीचं तिकीट स्टेशनवरच मिळालं. उजेडात व्हिएन्नाला पोचले आणि दादाला मेसेज टाकला.