कॉन्टॅक्ट कार्ड अपडेट: "त्र्यं" एकदाचा गोलात बसला

आला! माझ्या कॉन्टॅक्ट अ‍ॅपमध्ये फोटो नसलेल्या कार्डवरच्या गोलात त्र्यंबकचं आद्याक्षर, पूर्ण "त्र्यं", सहाही कोडपॉइंट (अक्षराचे कॉम्प्युटरमधले सुटे तुकडे) एकत्र, जुन्या फोनवरसुद्धा.

वीकार्ड (कॉन्टॅक्ट साठवायची फाइल) वाचायचं काम झालंय, २.१ आवृत्तीच्या जुन्या फाइल्सपण (कोटेड-प्रिंटेबल या जुन्या एन्कोडिंगमध्ये तुटलेल्या ओळी आधी जोडायच्या, मगच डीकोड). सगळं अडलं होतं ते फोटो नसलेल्या कार्डवर.

तिथे गोलात आद्याक्षर दाखवायचं. स्ट्रिंगमधला पहिला कॅरेक्टर उचलला तर धोंडोचा "ध" येतो, पण आपण असं लिहितच नाही ना, धों. के. कर्वे, गो. कृ. गोखले, मात्रा-अनुस्वारासकट आद्याक्षर असतं आपलं. म्हणून आयसीयू या लायब्ररीचा ब्रेकइटरेटर (मजकूर अक्षराअक्षराने तोडणारा भाग) लावला, माझ्या फोनवर एकदम मस्त, आणि टेस्टिंगसाठी बुधवार पेठेतून आणलेल्या जुन्या अँड्रॉइडवर "धों" बरोबर पण त्र्यंबकचा नुसता "त्" आणि क्षितिजाचा "क्". कोड तोच, नाव तेच, डोकं फिरायची वेळ आली! शेवटी कारण सापडलं: जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांचं जागतिक मानक) आला १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, त्याआधी हलंत (पाय मोडायचं चिन्ह) संपला की तुकडा पडायचा, आणि अँड्रॉइडचं आयसीयू सिस्टिमबरोबर येतं त्यामुळे अपडेट न मिळणाऱ्या फोनवर जुनाच नियम चालतो.

मग फंक्शन स्वतःच लिहिलं. व्यंजनानंतर हलंत आणि परत व्यंजन, असं असेल तोवर जोडत जायचं, मग मात्रा, मग अनुस्वार. एवढ्यासाठी अख्खी लायब्ररी टाकून अ‍ॅप फुगवू नका, खरंच गरज नाही. आणि टेस्टिंगला एक जुना फोन हवाच, एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) भागवू नका.

फॉन्ट नोटो सान्स देवनागरी ठेवलाय, टेक्स्टची भाषा मराठी सेट केली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात, लताचं कार्ड बघून इतकं भारी वाटलं! ओळीची उंची वाढवली तेव्हा वर कापला जाणारा अनुस्वारही सुटला.

आता नाव आणि आडनाव अशी दोन आद्याक्षरं टाकणार होतो, पण लोक नंबर सेव्ह करतात "जोशी प्लंबर", "कुलकर्णी काका गॅस", त्याचं "जोप्लं" होणार. थांबा, हे लिहितानाच सुचतंय, एकच आद्याक्षर मोठं ठेवतो आणि प्लंबर, गॅस असले शब्द नावाखाली वेगळ्या बारीक ओळीत, म्हणजे गोलात गर्दी नाही आणि शोधताना कामावरूनही सापडेल. "डॉ." आणि "सौ." मात्र आधी गाळावे लागतील, नाहीतर निम्मी यादी "डॉ" दिसेल. आज रात्री तेच करतो. तुमच्या यादीत र्‍ह, ज्ञ, श्र वगैरेने सुरू होणारी नावं असतील तर पहिला शब्द तेवढा पाठवा, आडनाव नंबर नको.