हळदीला लिंबू का कळत नाही

सातवी-आठवीतल्या मुलांना आम्ल आणि आम्लारी यांविषयी काहीही विचारले, की उत्तर तयार असते: आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, आम्लारीत तांबडा लिटमस निळा होतो. गुण मिळवायला एवढे पुरते. मात्र लिटमस म्हणजे नेमके काय, आणि त्याचा रंग बदलतो तेव्हा त्याच्या आत काय घडते, असे पुढे विचारले की बहुतेक मुले गप्प होतात. ज्या पुण्यात पाषाण रस्त्यावर १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे, त्या शहरातल्या मुलांनी रसायनशास्त्राची सुरुवात एका पाठ केलेल्या तक्त्याने करावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीतली काही मुले रविवारी सकाळी माझ्याकडे येतात आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या वस्तू घेऊन प्रयोग करतो. दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल किंवा आम्लारी ओळखून देणारा पदार्थ, हासुद्धा एक रासायनिक पदार्थ आहे आणि त्यालाही स्वतःचा स्वभाव आहे, ही गोष्ट शिकवण्यात सर्वांत आधी यायला हवी, असे माझे मत त्या प्रयोगांतूनच पक्के झाले.

मध्यंतरी आठवीतल्या एका मुलीने हळदीच्या पाण्यात लिंबू पिळले आणि गोंधळून विचारले, "काकू, रंग तर बदललाच नाही. मग लिंबू आम्ल नाही का?" प्रश्न अगदी रास्त होता. 'हळद हा नैसर्गिक दर्शक आहे' एवढेच वाक्य तिने वाचले होते, आणि दर्शक म्हटला की तो आम्लही दाखवणार, असे कोणालाही वाटेल. वस्तुतः हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य स्वतःच एक अतिशय सौम्य आम्ल आहे. त्याच्या रेणूतले ठरावीक हायड्रोजन जागेवर असतात तोवर ते पिवळे दिसते. आम्लारीच्या सान्निध्यात ते हायड्रोजन निघून जातात, रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, तो वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो आणि आपल्याला तांबूस तपकिरी छटा दिसते. हा बदल साधारण ७.४ ते ८.६ या सामूच्या पट्ट्यात होतो. (सामू म्हणजे pH: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी.) साध्या पाण्यातच कर्क्युमिनचे हायड्रोजन शाबूत असतात. लिंबाच्या रसातही ते शाबूतच राहतात, त्यामुळे रंग बदलण्याचे काही कारणच उरत नाही. लिंबू आम्लच आहे, पण पाणी आणि लिंबू यांतला फरक सांगणे हळदीच्या आवाक्यातले नाही.

हे एकदा कळले की प्रयोगशाळेतल्या बाटल्यांकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. मिथिल ऑरेंज हा दर्शक ३.१ ते ४.४ या पट्ट्यात तांबड्याचा पिवळा होतो, म्हणजे त्याचा सगळा बदल आम्लाच्या प्रदेशातच उरकतो, तर फिनॉल्फ्थॅलिन हा दुसरा दर्शक ८.२ पर्यंत रंगहीन राहतो आणि १० च्या आसपास गडद गुलाबी होतो. रंग बदलला म्हणजे द्रावण ७ वर, अर्थात उदासीन झाले, असा समज बारावीपर्यंत अनेकांच्या मनात टिकून राहतो. तो इथेच दूर व्हायला हवा. प्रत्येक दर्शक फक्त त्याच्या स्वतःच्या पट्ट्यापुरते सांगतो.

सामूची ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सॉरेनसन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. तिच्यावरची एक पायरी म्हणजे हायड्रोजन आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित हायड्रोजनच्या, प्रमाणात दहापट फरक; सामू जितका कमी तितके हे आयन जास्त. लिंबाच्या रसाचा सामू साधारण २ ते २.५ आणि दह्याचा ४ ते ४.५ असतो, आकडे जवळजवळचे वाटतात, पण लिंबाच्या रसातले हायड्रोजन आयनांचे प्रमाण दह्याच्या सुमारे शंभरपट भरते.

आता प्रयोगाकडे वळते. हळद पाण्यात कालवून तिच्यात गाळण कागदाच्या पट्ट्या बुडवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. उन्हात ठेवू नयेत, कारण उन्हाने कर्क्युमिनचा रंग उडतो. (कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो तो याच कारणाने, आणि त्याच डागाला साबण लागताच तो लालसर होतो तो साबण आम्लारीधर्मी असल्यामुळे.) एका वाटीत खाण्याचा सोडा आणि दुसरीत धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून दोन्हींत एकेक पट्टी बुडवावी. धुण्याच्या सोड्यात पट्टी तत्काळ तांबडी-तपकिरी होते. खाण्याच्या सोड्यात ती नारिंगीकडे झुकते आणि तिथेच अडकल्यासारखी दिसते. मुलांना आधी वाटते की हळद कमी पडली. खरे कारण असे, की खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास असतो, म्हणजे बरोबर हळदीच्या पट्ट्याच्या आत, जिथे कर्क्युमिनचे काही रेणू पिवळ्या रूपात आणि काही तांबड्या रूपात एकाच वेळी असतात. धुण्याच्या सोड्याचा सामू ११ च्या घरात जातो, त्यामुळे तिथे पिवळे रूप जवळपास शिल्लकच राहत नाही. दर्शक कसा चालतो हे या नारिंगी पट्टीइतके स्पष्ट दाखवणारा दुसरा सोपा प्रयोग मला माहीत नाही.

आम्लासाठी जास्वंद घ्यावी. गणपतीला वाहतात ती साधी, लाल, पाच पाकळ्यांची. पुण्यात ती कोणत्याही अंगणात मिळते. पाकळ्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवल्या की जांभळट अर्क उतरतो. त्यात लिंबाचे थेंब टाकताच तो झगझगीत गुलाबी होतो, सोड्याने हिरवट होतो. हे काम अँथोसायनिन गटातली रंगद्रव्ये करतात. चुन्याच्या निवळीत मात्र हिरवा रंग हळूहळू पिवळटपणाकडे जातो आणि नंतर लिंबू पिळूनही मूळचा गुलाबी पुरता परतत नाही, कारण एवढ्या तीव्र आम्लारीत रंगद्रव्यच मोडू लागते. निवळी आणि धुण्याचा सोडा डोळ्यांत जाणार नाही याची काळजी मोठ्यांनी घ्यावी, आणि संडास साफ करण्याचे ॲसिड या खेळात मुळीच आणू नये.

फुलांच्या रंगांचा असा उपयोग जुना आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये रंगांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने तांबडा आणि आम्लारीने हिरवा होतो, हे नोंदवलेले आहे. लिटमस मात्र फुलातून येत नाही. तो दगडफुलातून, म्हणजे लायकेनच्या काही जातींतून मिळतो. गोडा मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो ते लायकेनच, जरी लिटमसची जात वेगळी असली तरी. हे सांगितले की मुले मसाल्याचा डबा उघडून पाहतात, आणि त्यांनी पाहावाच.

कुंकवाविषयी थोडे सांगायला हवे, कारण मुले ते हमखास विचारतात. हळदीत चुना मिसळून लाल रंग आणतात, तो वर सांगितलेलाच बदल आहे. परंतु हळद, टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबाचा रस यांपासून कुंकू करण्याचीही जुनी रीत आहे, आणि तिथे आम्ल असूनही रंग लाल येतो. त्या ठिकाणी हळद दर्शक म्हणून काम करत नसते. टाकणखारातले बोरॉन कर्क्युमिनशी जोडले जाऊन निराळेच लाल संयुग तयार होते. लाल दिसले की आम्लारी, असा निष्कर्ष घाईने काढू नये यासाठी हे उदाहरण मी मुद्दाम पुढे ठेवते.

शेवटचा प्रयोग निळ्या लिटमसचा. किराणा दुकानात मिळणाऱ्या सायट्रिक ॲसिडचे कोरडे खडे कोरड्या लिटमसवर ठेवले तर कागद निळाच राहतो. पाण्याचा एक थेंब सोडला की खड्याभोवती तांबडा डाग पसरतो. आम्ल पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देते, हा विचार स्वीडनचे अर्हेनियस यांनी १८८४ च्या प्रबंधात मांडलेल्या आयनांच्या सिद्धान्तातून पुढे आला, आणि त्या सिद्धान्तासाठी त्यांना १९०३ चे नोबेल मिळाले. पित्तावर घ्यायच्या फ्रूट सॉल्टच्या पुडीत सायट्रिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा एकत्र असूनही ते शांत राहतात ते पाणी नसल्यामुळेच. पावसाळ्यात पुडी उघडी राहिली, तर हवेतल्या ओलाव्याने हीच अभिक्रिया आतल्या आत सुरू होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि नंतर ग्लासात टाकल्यावर ती पूर्वीसारखी फसफसत नाही.