घरपट्टी माफीचा अर्ज आणि नात्याचा रकाना

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना घरपट्टीतून सूट देण्याचा निर्णय राज्य शासनाने 2020 साली घेतला. निलंगा तालुक्यातील आमचे घर भूकंपानंतरच्या पुनर्वसनात मिळालेले असून वडिलांनी ते माझ्या नावावर केले आहे. म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. तो चाळत कर्मचाऱ्याने विचारले, ‘‘ताई, मालकाचं कार्ड कुठाय?’’ मालक जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहेत आणि फौजेत मी होते, असे सांगितल्यावर त्याने ‘सैनिकाशी नाते’ या रकान्यात मी लिहिलेल्या ‘स्वतः’भोवती पेन्सिलीने गोल केला आणि अर्ज बाजूला ठेवला. वरून मार्गदर्शन मागवावे लागेल, असे उत्तर मिळाले.

हे मला नवे नव्हते. 1993 च्या भूकंपात जवानांना ढिगारे उपसताना पाहिले, तेव्हाच फौजेत जायचे मनाने घेतले होते. 2001 साली चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेले. शिधा आणि इंधन पुढच्या चौक्यांपर्यंत पोहोचवणे हे आमचे काम. सोबतच्या पुरुष अधिकाऱ्यांना कायम कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीऐवजी निवृत्तीच्या वयापर्यंतची सेवा, मागता येत होते, आम्हाला नाही. 2008 साली ते स्त्रियांसाठी खुले झाले, पण फक्त विधी आणि शिक्षण या शाखांत. त्यामुळे 14 वर्षांची मुदत संपताच 2015 मध्ये मी बाहेर पडले, आणि अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनाला 20 वर्षे सेवा लागत असल्याने तेही मिळाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 17 फेब्रुवारी 2020 रोजी स्त्रियांना कायम कमिशनचा हक्क दिला आणि 2021 मध्ये त्यासाठीची मूल्यमापनाची पद्धतही भेदभाव करणारी ठरवली. तोवर मी गावी परतले होते. आनंद झाला, हळहळही वाटली, खोटे कशाला बोलू?

अर्जाच्या बाबतीत मात्र मी तोंडी उत्तर स्वीकारले नाही. शासन निर्णयाची प्रत जोडून दुसरा अर्ज केला, त्याची पोच घेतली आणि एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे दिली. ‘माजी सैनिक’ यात स्त्री येत नाही असे त्या निर्णयात कुठेही नव्हते. अखेर सूट मंजूर झाली, पण मागणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 9 मध्ये, माझ्या नावापुढे ‘सैनिक विधवा’ असे लिहिले गेले. ‘‘सूट मिळाली ना, मग काय बिघडलं?’’ असे मलाच विचारण्यात आले. गुरुजी शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे बोट दाखवून, हे हयात आहेत, एवढेच मी म्हणाले. नोंद खोडून तिथे ‘माजी सैनिक’ असे लिहिले, बाजूला ग्रामसेवकांनी सही केली, आणि त्या पानाची प्रत घेतल्याशिवाय मी उठले नाही. ही सूट पाणीपट्टीला लागू नाही. ती त्याच खिडकीवर भरून पावती घेतली.