फोरमनचा नकार

इथे परदेशात, बांधकामाच्या साइटवर, आठवड्याच्या नियोजनाच्या बैठकीत इलेक्ट्रिकलचा फोरमन शांतपणे म्हणाला, "तिसऱ्या मजल्याचं काम सोमवारी धरू नका. ड्रॉइंग अजून मंजूर नाही." प्रोजेक्ट मॅनेजरने आवाज चढवला नाही. अडचण फळ्यावर लिहिली, ती कोण आणि कधीपर्यंत सोडवणार तेही लिहिलं, आणि बैठक पुढे सरकली. मी अवाक झालो. आपल्याकडे भारतात अशा वेळी "करून टाकू साहेब" हेच उत्तर लागतं; नाहीतर माणूस कामचुकार ठरतो.

ही 'लास्ट प्लॅनर' पद्धत, १९९०च्या दशकात ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी विकसित केलेली. ज्याची माणसं काम करणार, तोच शेवटचा नियोजक. शब्द त्यानेच द्यायचा, तोही ड्रॉइंग, साहित्य, माणसं, जागा आणि आधीचं काम तयार असेल तरच. पुढच्या साधारण सहा आठवड्यांची कामं चाळून अडथळे आधीच दूर करायचे. आठवडा संपला की दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले गेले त्याची टक्केवारी काढायची, आणि राहिलेल्या प्रत्येक कामाचं कारण नोंदवायचं. दोष कुणाचा, हा रकानाच नाही! मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. सुरुवातीच्या काळात त्यांनी मोजलं तेव्हा जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त कामं ठरल्याप्रमाणे होत होती, तीही अमेरिकेत. तेव्हा उशीर हा फक्त आपलाच दुर्गुण, असं मला कुणी सांगू नये.

उशिराचं गणितच तसं आहे. स्लॅब भरण्याआधी शटरिंग (काँक्रीटचा साचा), सळई आणि कंड्युट (विजेच्या तारांच्या नळ्या) अशी तीन कामं उरकायला हवीत. प्रत्येक काम वेळेत होण्याची शक्यता ८० टक्के धरली आणि ती एकमेकांवर अवलंबून नाहीत असं मानलं, तर तिन्ही वेळेत होण्याची शक्यता ५१ टक्केच उरते. अशी दहा कामं असतील तर ११ टक्क्यांच्या आत. प्रत्येक कामाला एकच ठाम कालावधी देणाऱ्या बार चार्टमध्ये हे दिसत नाही. मग जो तो आपल्या कामात चार दिवस लपवून ठेवतो, आणि लपवलेले दिवस हमखास खर्च होतात. त्यापेक्षा ते एकत्र करून शेवटी, सगळ्यांना दिसतील असे ठेवावेत.

तरी आपल्या मुकादमांना कमी लेखलेलं मला सहन होत नाही. सकाळी माल आला नाही तर दुपारपर्यंत सगळी गँग दुसऱ्या कामाला लावणारी माणसं आहेत ती. इथल्या किती जणांना ते जमेल, मला शंका आहे. पण ही हुशारी फसलेलं शेड्यूल झाकण्यात खर्ची पडते. आणि बिल अडकलेल्या ठेकेदाराने बैठकीत खरं बोलावं, अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? मी भारतात काम करत असताना खरं सांगायची सोयच नव्हती.

सुरुवातीला सॉफ्टवेअर लागत नाही. फळा आणि चिठ्ठ्या पुरतात. मात्र पहिले काही आठवडे टक्केवारी लाजिरवाणी येणार, आणि ती जशीच्या तशी मालकासमोर ठेवणारा मॅनेजर लागतो.