हँडली पेज ओ/१००, क्रमांक ३१२४, १/७२ : नॅसेल आणि शेपटीपर्यंतचे काम

हँडली पेज ओ/१०० आणि ओ/४०० ही पहिल्या महायुद्धातील दोन इंजिनांची ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने. माझ्याकडचा १/७२ मापाच्या प्रतिकृतीचा संच ओ/४०० चा आहे आणि घडवायचे आहे ते त्याच्या आधीचे ओ/१००, तेही ब्रिटिश नौदलाच्या हवाई सेवेतील ३१२४ क्रमांकाचे विमान. पंखांचा विस्तार दोन्ही प्रकारांत १०० फूट, म्हणजे या मापात साधारण ४२ सेंटिमीटर. धडाची ठेवणही इतकी सारखी की दुरून पाहणाऱ्याला दोन्ही विमाने एकच वाटावीत. खरा फरक इंजिनांच्या नॅसेलमध्ये, म्हणजे इंजिनाभोवतीच्या कवचात आहे, आणि सध्या माझा बहुतेक वेळ तिथेच जात आहे.

ओ/१०० मध्ये पेट्रोलच्या टाक्या इंजिनांच्या मागे, नॅसेलच्या पोटातच बसवलेल्या होत्या, त्यामुळे नॅसेल लांबट होऊन मागे निमुळती होत जाते. ओ/४०० मध्ये टाक्या धडात, बॉम्बच्या कप्प्याच्या वर गेल्या आणि नॅसेल आखूड झाली. संचातली नॅसेल मी मागच्या बाजूने कापली, प्लॅस्टिक शीटचे आडवे छेद चिकटवून लांबी वाढवली आणि त्यांमधली जागा पुटीने भरून घासून काढली. आकारासाठी सर्वांत उपयोगी पडली ती १४६३ क्रमांकाच्या विमानाची छायाचित्रे. १ जानेवारी १९१७ रोजी वाट चुकलेले हे नवेकोरे विमान लाओं शहराजवळ जर्मन हद्दीत उतरले आणि धडधाकट अवस्थेत शत्रूच्या हाती पडले. जर्मनांची गोथा बॉम्बफेकी विमाने याच्यावरून बेतली, असे आजही सांगितले जाते. परंतु गोथाची दोन इंजिनांची विमाने १९१५ पासूनच तयार होत होती, तेव्हा या कथेवर विश्वास ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

पंख्यांबाबत (प्रोपेलरबाबत) एक सूचना आवर्जून करतो. ओ/१०० मधील रोल्स-रॉइस ईगल इंजिनांचे पंखे परस्परविरुद्ध दिशांना फिरत, तर ओ/४०० मध्ये दोन्ही एकाच दिशेने फिरतात. संचातले चार पात्यांचे दोन्ही पंखे साहजिकच एकाच पिळाचे आहेत, म्हणून एका पंख्याची पाती सुटी करून उलट्या पिळाने पुन्हा बसवावी लागली. काम किचकट आहे, पण ते टाळले तर समोरून पाहताना ओ/१०० म्हणण्यासारखे फारसे काही उरत नाही.

शेपटीचे काम त्या मानाने लवकर उरकले, तरी तिचा इतिहास अधिक रंजक आहे. नौदलाच्या हवाई विभागाचे प्रमुख मरे स्यूटर यांच्या आग्रहातून १९१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या ओ/१०० च्या प्रकल्पाचा आराखडा जॉर्ज वोल्कर्ट यांनी केला आणि पहिले विमान १७ डिसेंबर १९१५ रोजी हेंडन येथे उडाले. त्याला वैमानिकांसाठी काचेचे बंद दालन होते आणि चिलखती पत्रेही होते. दालन लवकरच गेले आणि चिलखतही बरेचसे उतरवण्यात आले. मात्र वेग वाढताच शेपटी भयंकर हेलकावू लागे. अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ मध्ये याची तपासणी केली. डावे आणि उजवे एलेव्हेटर (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या फळ्या) एकमेकांशी भक्कम जोडलेले नसल्याने एक वर तर दुसरा खाली होऊ शकत होता, आणि त्या हालचालीला धडाच्या पिळाची साथ मिळत होती. उपाय म्हणजे दोन्ही बाजू एका नळीने जोडणे. फ्लटरच्या, म्हणजे हवेच्या झोताने आपोआप वाढत जाणाऱ्या अशा कंपनांच्या, अभ्यासाची सुरुवात बहुधा याच विमानापासून मानली जाते. प्रतिकृतीसाठी याचा अर्थ सरळ आहे: एलेव्हेटर झुकलेले दाखवायचे असतील, तर डावे-उजवे अगदी सारख्याच कोनात हवेत. शेपटी दुमजली असल्याने एलेव्हेटर चार आहेत; ते चारही मी कापून किंचित खाली झुकवले आहेत.

अनेकजण या संचातून ऑस्ट्रेलियन वैमानिक रॉस स्मिथ यांचे पॅलेस्टाइनमधील ओ/४०० करतात, आणि त्याचे आकर्षण मी समजू शकतो. १९ सप्टेंबर १९१८ च्या पहाटे त्या विमानाने अल अफुला येथील दूरध्वनी केंद्र आणि रेल्वे स्थानकावर बॉम्ब टाकले, आणि युद्ध संपताच तेच विमान कैरोहून निघून कराची, दिल्लीमार्गे कलकत्त्याला पोहोचले. तरीही मला ३१२४ चेच कर्तृत्व मोठे वाटते. मे १९१७ मध्ये इंग्लंडहून निघालेले हे विमान फ्रान्स आणि इटलीवरून टप्प्याटप्प्याने जूनमध्ये एजियन समुद्रातील लेम्नोस बेटावर, मुद्रोस येथे पोहोचले. ९ जुलैच्या रात्री वैमानिक केनेथ सॅव्हरी यांनी ते कॉन्स्टँटिनोपलवर (आजचे इस्तंबूल) नेले. लक्ष्य होते तुर्की ताफ्यातील गोबेन ही जर्मन बनावटीची युद्धनौका. ती बचावली, पण जवळच नांगरलेली यादिगार-इ-मिल्लेत ही विनाशिका बुडाली. ३० सप्टेंबरच्या रात्री आणखी एका मोहिमेत एक इंजिन निकामी झाले आणि विमान गॅलिपोलीच्या किनाऱ्यावरील सुव्हलाजवळ समुद्रात उतरवावे लागले. युद्धकैदी झालेल्या त्या वैमानिकाचे नाव जॉन अल्कॉक. जून १९१९ मध्ये आर्थर ब्राउन यांच्यासह विकर्स व्हिमीतून न थांबता अटलांटिक ओलांडणारे तेच.

या विमानाचे पंख नॅसेलच्या बाहेरून मागे घडी होत, आणि तसे दाखवण्याचा मोह मला बराच काळ होता. परंतु घडीच्या स्थितीत पंखांना आधार देणाऱ्या तारांपैकी कोणत्या ताणलेल्या राहतात आणि कोणत्या सैल पडतात, हे दाखवणारे स्पष्ट छायाचित्र हाती नाही, म्हणून पंख उघडेच ठेवतो आहे. तारांसाठीची छिद्रे प्रायमरपूर्वी (रंगाखालच्या पहिल्या थरापूर्वी) पाडून झाली आहेत. वरचा पंख मात्र रंगकाम आणि खालच्या पंखावरची चिन्हे पूर्ण झाल्यानंतरच बसवीन, कारण तो एकदा बसला की नॅसेलच्या वरच्या बाजूला ब्रश पोहोचत नाही.