तुम्ही विचारलंत म्हणून: एका पगारात कसं भागतं?

शाळेच्या फाटकापाशी, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटलं तरी बायका मला हेच विचारतात, "एका पगारात सगळ्यांचं कसं भागवता हो? आणि मुलांना वाईट नाही का वाटत?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला थोडा वेळ लागेल.

भागतं ते हंगाम धरून राहिल्यामुळे. नाशकात राहून हे जमलं नाही तर कुठे जमणार? फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचे सुटे मणी मिळतात. पेट्या भरताना घडावरून सुटलेले, चवीला तेच आणि घडापेक्षा बरेच स्वस्त. मी ४ किलो आणते, चाळणीत घालून दोन-तीन मिनिटं वाफ देते आणि गच्चीवर धुतलेल्या धोतरावर पसरते. त्याचे साधारण किलोभर मनुके होतात.

कांद्याचा धडा मात्र नुकसान सोसून शिकले. साठवायचा तो उन्हाळ कांदा, लाल टिकत नाही, एवढं माहीत होतं. म्हणून पहिल्या वर्षी मे महिन्यात निफाडकडून अख्खी गोणी आणली आणि तशीच जिन्याखाली उभी केली. जुलैत घरभर वास. गोणी उघडली तर तळाच्या कांद्यांना पाणी सुटलेलं, निम्मा माल गेला. ते कांदे बाहेर टाकताना मला रडू आलं. आता ३० किलोच आणते आणि पलंगाखाली तरटावर एकाच थरात पसरते. दर रविवारी धाकटा बॅटरी घेऊन पालथा पडतो, एकेक कांदा दाबून बघतो. मऊ लागला की आतूनच ओरडतो, "आई, आज पिठल्याला हे दोन!"

घरामागे दहा बाय बारा फुटांची जागा आहे. शेवगा, कढीपत्ता, अळू, गवती चहा एवढं बारमाही, बाकी त्या त्या वेळचं. माती फारशी विकत आणली नाही. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, शेजारच्या आंब्याचा पाला, आमचाच ओला कचरा आणि थोडं शेण, यावर सगळं पोसलंय. गेल्या पावसाळ्यात लाल भोपळ्याच्या वेलाला फुलं भरपूर यायची, पण भोपळा धरेना. सासूबाई थोरलीला सकाळी सहाला वेलापाशी घेऊन बसल्या. लांब देठाचं ते नराचं फूल, आणि जिच्या खाली इवलासा भोपळा दिसतो ती मादी. नराच्या पाकळ्या काढून त्याचा पिवळा दांडा मादीच्या फुलात हलकेच फिरवायचा, उन्हं वर यायच्या आत. थोरलीच्या बोटांना हळदीसारखे परागकण लागले होते. पाच-सहा दिवसांत खालचा भोपळा लिंबाएवढा झाला, तेव्हा ती शाळेतून आल्यावर दप्तरही न उतरवता मागे धावली.

बुधवारच्या बाजाराला मी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, जाते ती दिवेलागणीला, तेव्हा वाटे स्वस्त होतात. पण खेड्यावरून भाजी घेऊन आलेल्या बाईशी मी घासाघीस करत नाही. ती आपणहून उतरवेल तेवढंच. दूध, फळं, पुस्तकं आणि डॉक्टर, इथेही हात आखडायचा नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे.

आता मुलांचं. थोरली पाचवीत असताना एका मैत्रिणीचा वाढदिवस हॉटेलात झाला. घरी येऊन तिनं मला विचारलं, "आई, आपण गरीब आहोत का?" मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला, हात धुतले आणि हिशोबाची वही तिच्यापुढे ठेवली. घराचा हप्ता, आजीची औषधं, दोघांची फी, दूध, किराणा, सगळं तिनं बोट फिरवत वाचलं. मग म्हणाली, "यात माझी सायकल कुठे बसते?" आम्ही दोघींनी मिळून एक नवी ओळ आखली. सायकल यायला सहा महिने लागायचे ते आठ लागले, कारण मध्येच फ्रिज बिघडला. त्या दिवशी ती रडली. तिला वाईट वाटलंच, नाही कसं म्हणू? पण फ्रिजला किती लागले ते तिला ठाऊक होतं, तिनंच ते वहीत लिहिलं होतं.

तेव्हापासून "पैसे नाहीत" असं आम्ही दोघंही मुलांना म्हणत नाही. ते खरं नसतं. "या महिन्याचे इकडे घातलेत," असं सांगतो आणि कुठे घातले ते दाखवतो.

परवा धाकट्यानं सायकलच्या खालच्या ओळीत बॅट लिहिलीय. ऑगस्टपर्यंत जमेल असं त्याचं गणित आहे. मी तपासून पाहिलं, बरोबर आहे.